लॉगइनचं कुलूप नेमकं कुठं लावायचं?

रात्रीचे साडेअकरा. हॉस्टेलचं वाय-फाय आज कधी नव्हे ते नीट चालतंय. स्क्वॉडमधले तिघं लॉबीत येऊन बसलेत आणि चौथा अजून लॉगइनच करतोय. ‘ओटीपी येईना रे!’ तो वैतागून ओरडतो. नंबर कुणाचा टाकलाय? बाबांचा. बाबा कुठं? गावी, गाढ झोपलेत. पाच मिनिटं वाट बघून बाकीचे कुणीतरी अनोळखी चौथा घेतात आणि मॅच सुरू करतात. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या उठल्या उठल्या पहिलं काम काय करतो? बाबांना फोन लावून शेवटचा एक ओटीपी मागतो आणि सेटिंगमध्ये जाऊन ती ‘कटकट’ कायमची बंद करून टाकतो.

ही गोष्ट माझ्या रूममेटची. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. दीड महिन्यानं त्याचं अकाउंट गेलं. त्याच्याच आयडीवरून त्याच्याच मित्रांना ‘भावा, अर्जंट पाचशे पाठव ना’ असे मेसेज यायला लागले. चार वर्षांची रँक, पॉकेटमनीतून घेतलेल्या स्किन्स, फ्रेंडलिस्ट, सगळं दुसऱ्याच्या हातात. गेमच्या हेल्प सेंटरनं विचारलं, अकाउंट कधी उघडलं? पहिलं पेमेंट कोणत्या तारखेला केलं? त्यावेळी कुठला फोन वापरत होता? याला त्यातलं धड काहीच आठवेना.

सगळे त्यालाच शिव्या घालून मोकळे झाले. ‘सिक्युरिटी बंद कोण करतं, येडा!’ बरोबर आहे, त्यानं कुलूप काढलं ही चूकच. पण त्या कुलपाची चावी त्यानं स्वतःपासून तीनशे किलोमीटरवर ठेवली होती, हीसुद्धा तितकीच मोठी चूक होती. रोज त्रास देणारं कुलूप माणूस कधी ना कधी काढतोच. म्हणून ‘सोय हवी की सुरक्षा?’ हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. खरा प्रश्न आहे तो कुलूप कुठं लावायचं आणि चावी कुठं ठेवायची हा.

‘गेमच तर आहे’ असं राहिलं नाही

घरचे म्हणतात, गेमचं अकाउंट गेलं तर गेलं, अभ्यास तरी करशील! पण गेमचं अकाउंट म्हणजे टाइमपास, हे दिवस मागे पडलेत. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सना पदकं होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यानं पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदी आणली आणि त्याच वेळी ई-स्पोर्ट्सला वेगळा, मान्यताप्राप्त दर्जा दिला. कॉलेज फेस्टच्या टीममध्ये कुणाला घ्यायचं हे ठरवताना आधी त्याचा आयडी आणि रँक बघतात. थोडक्यात, अकाउंट म्हणजे खेळाडूची कमाई आहे, आणि काहींच्या बाबतीत तर चक्क बायोडेटा.

चोरांना हे आपल्या आधी कळलं. डिसेंबर २०१५ मध्ये ‘स्टीम’ चालवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीनं जाहीर केलं, की दर महिन्याला सुमारे ७७ हजार अकाउंट्स हॅक होऊन लुटली जातायत. कारण काय? स्टीमवर गेममधल्या वस्तूंची देवाणघेवाण सुरू झाली आणि त्या वस्तूंना बाहेर पैसे मिळायला लागले. मग प्रत्येक अकाउंट चोरण्याच्या लायकीचं झालं. ‘माझ्याकडं काय आहे चोरण्यासारखं?’ हा आपला आवडता युक्तिवाद तिथंच संपला.

वॉल्व्हनं कुलूप कुठं लावलं?

वॉल्व्हनं तेव्हा जे केलं ते समजून घेण्यासारखं आहे. देवाणघेवाण बंदच करून टाकायची, हा पर्यायही त्यांनी विचारात घेतला होता. सुरक्षा शंभर टक्के, मजा शून्य! तसं न करता त्यांनी मधला रस्ता काढला. गेम उघडायला, खेळायला नवी अडवणूक नाही. पण वस्तू अकाउंटबाहेर जाताना मोबाइल ऑथेंटिकेटरवर ‘हो, मीच देतोय’ असं सांगायचं. ज्याच्याकडं ऑथेंटिकेटर नाही, त्याचा व्यवहार काही दिवस रोखून ठेवायचा. सुरुवातीला ही मुदत तीन दिवसांपर्यंत होती, नंतर ती १५ दिवसांची झाली. चोर आत घुसला तरी माल बाहेर नेईपर्यंत मूळ मालकाला जाग यायला वेळ मिळतो.

जुलै २०२५ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या वस्तूंसाठी आणखी एक पाऊल पडलं. देवाणघेवाण झालेली वस्तू सात दिवस ‘संरक्षित’ राहते आणि तेवढ्यात लक्षात आलं तर व्यवहार उलटवता येतो. म्हणजे कुलूप तुटलं तरी चूक दुरुस्त करायची सोय.

ही पद्धत आपल्याला अनोळखी नाही. यूपीआय आठवा. पहिल्यांदा ॲप सुरू करताना ते तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवून फोन आणि नंबरची गाठ बांधतं. ही झंझट एकदाच. त्यानंतर कुणी पैसे पाठवले तर घ्यायला पिन लागत नाही, पण तुमच्या खात्यातून थेट पैसे जायचे असतील तर साधारणपणे पिन लागतो. चहाच्या टपरीवर याबद्दल कुणी कुरकुर करतं का? नाही करत, कारण अडवणूक योग्य जागी आहे. जिथं नुकसान होऊ शकतं, तिथंच ती आडवी येते.

ओटीपी चांगला की वाईट?

आता ओटीपीकडं येऊ. ‘ओटीपीचा काही उपयोग नाही, सिम स्वॅप करून सगळं निघतं’ असं सांगणारे ज्ञानी प्रत्येक ग्रुपवर असतात. आकडे काय सांगतात? मे २०१९ मध्ये गूगलनं एक अभ्यास प्रसिद्ध केला. संशयास्पद लॉगइनच्या वेळी फोनवर एसएमएस कोड पाठवला, तर आपोआप चालणाऱ्या बॉट्सचे १०० टक्के हल्ले अडले. घाऊक फिशिंगचे ९६ टक्के अडले आणि नेमकं एखाद्याला टार्गेट करून केलेले ७६ टक्के. कोडऐवजी फोनच्या स्क्रीनवर ‘हे तुम्हीच का?’ असा प्रश्न दाखवला, तर हेच आकडे १००, ९९ आणि ९० टक्क्यांवर गेले.

म्हणजे ओटीपी परिपूर्ण नाही, पण काहीच नसण्यापेक्षा शेकडो पटींनी बरा. तुमच्या-माझ्यासारख्यांवर कुणी खास टार्गेट ठेवून हल्ला करत नाही. दुसऱ्या कुठल्या तरी साइटवरून फुटलेले लाखो पासवर्ड बॉट्स गेमच्या लॉगइनवर लावून बघतात, लागला तर लागला. तिथं ओटीपी पुरेसा आहे.

पण याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ओळख पटवायला सांगितलं तेव्हा ३८ टक्के लोकांकडं त्यांचा फोनच नव्हता आणि ३४ टक्के लोकांना त्यांचा दुसरा ईमेल आयडी आठवला नाही. चोराला अडवणारं कुलूप मालकालाही अडवतं. माझा रूममेट या ३८ टक्क्यांमधलाच म्हणायचा. त्याला ‘निष्काळजी’ म्हणणं सोपं आहे, पण त्याच्यासारखे खूप आहेत. म्हणूनच लॉगइन कसं करायचं हे ठरवताना ‘मीच बाहेर अडकलो तर आत कसा येणार?’ हे त्याच दिवशी ठरवायला हवं.

फेसबुकवालं ते बटण

आपल्याकडं बहुतेकांचं गेम अकाउंट स्वतंत्र नसतंच. ‘गेस्ट’ म्हणून सुरुवात होते, कारण त्यात एका टॅपमध्ये काम होतं. पण गेस्ट आयडी साधारणपणे त्या फोनशीच बांधलेला असतो. फोन बदलला, रिसेट केला की सगळं गायब. मग कुणीतरी शहाणं करतं आणि आपण गूगल, फेसबुक किंवा एक्सला जोडतो. सोय झाली, सुरक्षाही वाढली. पण एक गोष्ट डोक्यात पक्की करायला हवी. यापुढं गेमची चावी गेममध्ये नाही, त्या गूगल किंवा फेसबुक अकाउंटमध्ये आहे. तिथं चोर शिरला, की गेमचं दार उघडंच.

आणि ते फेसबुक अकाउंट कसं असतं? आठवीत असताना खोटी जन्मतारीख टाकून उघडलेलं. पासवर्ड गर्लफ्रेंडचं नाव, तीही आता एक्स. आणि नंबर? गावाकडं असताना घेतलेलं सिम. पुण्या-मुंबईला कॉलेजला आलो, नवं सिम घेतलं, जुन्याचा रिचार्ज थांबला. इथंच खरा धोका आहे. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही तर बंद होऊ शकतो आणि काही काळानं तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. म्हणजे तुमचे ओटीपी तिसऱ्याच माणसाच्या फोनवर! कुणी हॅक केलं नाही, तुम्हीच चावी रस्त्यात सोडून आलात.

सोशल लॉगइनचे नियमही आपल्या हातात नसतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकनं अँड्रॉइडवर ॲपच्या आतच उघडणाऱ्या ब्राउझर-खिडकीतून लॉगइन बंद केलं. ‘बीजीएमआय’ खेळणाऱ्यांना तेव्हा सूचना आली, की फेसबुकनं लॉगइन करायचं तर फोनमध्ये फेसबुकचं ॲप हवं. स्टोरेज आधीच फुल असलेल्यांची चिडचिड झाली. पण कारण रास्त होतं. ॲपच्या आतल्या अशा खिडकीत तुम्ही टाइप केलेला पासवर्ड ते ॲप वाचू शकतं. बनावट ॲप्सना हेच हवं असतं. मार्च २०२३ मध्ये ट्विटरनं, म्हणजे आताच्या एक्सनं, एसएमएसवर येणारा दुसरा कोड फक्त पैसे भरणाऱ्या सदस्यांपुरता ठेवला. ऑथेंटिकेटर ॲपचा पर्याय मात्र सगळ्यांना फुकटच राहिला. ज्यांचा गेम एक्सला जोडलाय, त्यांच्यापैकी किती जणांनी हा बदल केला असेल? तुम्ही केलाय का, बघा एकदा.

सोय म्हणजे शत्रू नव्हे

इथवर वाचून वाटेल, की सुरक्षित राहायचं तर सोय सोडावीच लागते. असं मुळीच नाही. काही सोयी उलट सुरक्षा वाढवतात.

पासवर्ड मॅनेजर घ्या. गूगल, ॲपलच्या फोनमध्ये तो असतोच. तो लांबलचक पासवर्ड बनवतो, लक्षात ठेवतो, स्वतः भरतो. आपल्याला काहीच करावं लागत नाही. वरून एक बोनस मिळतो. साइट बनावट असेल तर तो पासवर्ड भरत नाही, कारण तो चेहऱ्याला भुलत नाही, पत्ता तपासतो. २०२२ मध्ये ग्रुप-आयबी या सायबर सुरक्षा कंपनीनं दाखवलं होतं, की स्टीमच्या खेळाडूंना फसवायला वेबपेजच्या आतच लॉगइनची हुबेहूब खोटी खिडकी काढली जाते. हिरवं कुलूप, बरोबर पत्ता, सगळं चित्रासारखं रंगवलेलं. डोळ्यांना ते कळत नाही. पासवर्ड मॅनेजर मात्र गप्प बसतो, आणि त्याचं गप्प बसणं हीच धोक्याची घंटा.

त्यापुढची पायरी म्हणजे पासकी. यात पासवर्डच नसतो. गुप्त चावी तुमच्या फोनमध्ये राहते, बोट लावलं किंवा चेहरा दाखवला की फोन त्या चावीनं सही करून देतो. ही चावी खऱ्या पत्त्यालाच बांधलेली असते, त्यामुळं खोट्या साइटला चोरायला काही मिळतच नाही. निन्टेंडोनं २०२३ मध्ये आणि प्लेस्टेशननं फेब्रुवारी २०२४ मध्ये पासकी आणली. गूगलनं तर ऑक्टोबर २०२३ पासून वैयक्तिक अकाउंट्सना हाच पर्याय आधी सुचवायला सुरुवात केली. तुमचा गेम गूगलला जोडलेला असेल तर गूगलला पासकी लावली की गेमलाही तिचा फायदा मिळतो. ओटीपीची वाट बघण्यापेक्षा बोट लावणं लवकर होतं. सोयही जास्त, सुरक्षाही जास्त.

अडचण नाही असं नाही. आपल्या घरात फोनचा पिन सगळ्यांना माहीत असतो. धाकटा भाऊ, चुलत बहीण, रूममेट, सगळे ‘जरा दे ना’ म्हणून फोन घेतात. फोनचा पिन माहीत असलेला माणूस पासकीही वापरू शकतो. म्हणजे आता फोनचा पिन हीच घराची किल्ली. १२३४ ठेवून चालणार नाही.

कुलूप बंद, खिडकी उघडी

काही चोर दारातून येतच नाहीत. आपण लॉगइन केलं की गेम किंवा ब्राउझर एक टोकन जपून ठेवतो. बसचा पास काढला की रोज तिकीट काढावं लागत नाही, तसंच हे. ‘रिमेंबर मी’ची सोय इथूनच येते. पण हा पास चोरला, तर चोराला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. क्रॅक केलेला गेम, ‘मॉड मेनू’चं एपीके, फुकट चीट, यांच्या पोटात असे पास चोरणारे प्रोग्राम असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर ‘पायरेटफाय’ नावाचा एक गेम मालवेअर सापडल्यामुळं खुद्द स्टीमवरून काढावा लागला. अधिकृत दुकानातही हे घडू शकतं, तर टेलिग्रामवरच्या एपीकेचं काय घेऊन बसलात!

दुसरी उघडी खिडकी म्हणजे आपली दिलदारी. ‘भावा, आयडी दे ना, एक दिवस रँक पुश करून देतो.’ गेमिंग कॅफेच्या पीसीवर लॉगइन करून तसंच उठून जाणं. इन्स्टावरून कुणाचं तरी ‘मॅक्स’ अकाउंट विकत घेणं, ज्याचा मूळ मालक जुन्या ईमेलवरून ते कधीही परत खेचू शकतो. आणि फुकट यूसीचं आमिष. बीजीएमआयचं खरं रिडीम पेज तुमचा कॅरेक्टर आयडी आणि कोड मागतं, तुमचा फेसबुकचा पासवर्ड नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी फसवणूक टळेल.

कंपन्यांनी काय करायचं?

सगळं ओझं खेळणाऱ्यांवर टाकणंही बरोबर नाही. माणसं भीतीनं फार काळ बदलत नाहीत, हे काही कंपन्यांना चांगलं कळलंय. ब्लिझार्डनं २००८ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’साठी कोड दाखवणारं किचेनएवढं यंत्र साडेसहा डॉलरला विकायला काढलं आणि पुढं ऑथेंटिकेटर लावणाऱ्यांना गेममध्ये दोन डोक्यांचं कुत्र्याचं पिल्लू भेट दिलं. एपिकनं २०१८ मध्ये ‘फोर्टनाइट’मध्ये टू-फॅक्टर सुरू करणाऱ्याला एक नाच फुकट दिला. कितीतरी पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा टू-फॅक्टर लावलं ते त्या नाचासाठी!

हाच विचार आपल्याकडच्या लोकप्रिय गेम्सनी पुढं न्यायला हवा. रोजच्या फोनवरून रोजच्या जागी खेळणाऱ्याला अडवू नका. नवा फोन, ईमेल बदलणं, मोठी खरेदी, भेटवस्तू पाठवणं, इथं अडवा. नंबर बदलला तर आठवड्याभराची मुदत ठेवा आणि जुन्या ईमेलवर कळवा. आणि अकाउंट गेलेल्या पोराला बॉटच्या ठरलेल्या उत्तरांत गोल गोल फिरवण्यापेक्षा माणसाशी बोलू द्या. ज्या गेममध्ये हजारो रुपये खर्च करून घेतात, तिथं एवढी अपेक्षा जास्त नाही.

वीस मिनिटांचं काम

आज रात्रीच्या पहिल्या मॅचच्या आधी एवढं करा.

१. गेम ज्या ईमेलला किंवा सोशल अकाउंटला जोडलाय, ते आधी सुरक्षित करा. पासकी असेल तर पासकी, नसेल तर ऑथेंटिकेटर ॲप, तेही नसेल तर ओटीपी.

२. नंबर तपासा. तो सध्या तुमच्याच खिशात असलेल्या सिमचा आहे ना? बाबांचा किंवा बंद पडलेला असेल तर आजच बदला.

३. गेस्ट आयडी असेल तर जोडून टाका.

४. बॅकअप कोड मिळाले तर कागदावर लिहून ठेवा. गॅलरीतला स्क्रीनशॉट चालणार नाही, फोनबरोबर तोही जाईल.

५. अकाउंट कधी उघडलं आणि पहिल्या खरेदीची पावती कुठं आहे, हे एका जागी नोंदवा.

६. ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ हे बटण शोधा आणि दाबा. कॅफेचा पीसी, जुना फोन, सगळं एकदम साफ.

एवढं करूनही पैशांची फसवणूक झालीच, तर लाज वाटून गप्प बसू नका. १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. इथं पहिले काही तास सगळ्यात मोलाचे असतात.

माझ्या रूममेटचं जुनं अकाउंट परत आलं नाही. त्यानं शून्यापासून नवा आयडी सुरू केलाय, अजून सिल्व्हरमध्येच अडकलाय आणि आम्ही त्याला त्यावरून रोज चिडवतो. पण आता ऑथेंटिकेटर त्याच्या स्वतःच्या फोनवर आहे. रोज खेळताना त्याला कुणी काही विचारत नाही, नव्या फोनवर गेलं तरच कोड लागतो. आणि बॅकअप कोडचा कागद? तो गावी आहे. आईच्या कपाटात, दहावीच्या मार्कशीटच्या फायलीत. तीनशे किलोमीटर लांब असला तरी चालतो, कारण तो रोज लागत नाही.